सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस २४५ साठी वाढीव वॉरंटी निवडताना : माझा अनुभव

स्कोडाने २०२० साली ऑक्टाव्हिया आरएस २४५ ही गाडी भारतात अवघ्या २०० नगांपुरती आणली. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २४५ अश्वशक्ती, ३७० न्यूटन मीटर टॉर्क, सात गतींचा डीएसजी (दोन क्लचचा स्वयंचलित) गिअरबॉक्स आणि ३५.९९ लाख रुपये एक्स-शोरूम किंमत असलेली ही गाडी परदेशातून पूर्ण बांधून आलेली होती. त्या २०० पैकी एक गाडी मी २०२५ च्या उन्हाळ्यात तिच्या पहिल्या मालकाकडून थेट विकत घेतली. गाडी कोणती घ्यायची, हे माझ्या मनात फार पूर्वीच ठरलेले होते. खरा विचार करावा लागला तो तिच्या वाढीव वॉरंटीचा, आणि अशी गाडी घेऊ पाहणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

वॉरंटीची माहितीपत्रके मागवण्याआधी मी ठाण्यातल्या एका गॅरेजमध्ये गेले, जिथे प्रामुख्याने स्कोडा, फोक्सवॅगन आणि ऑडीच्या गाड्यांचे काम होते. तिथल्या काकांना मी एकच गोष्ट विचारली : या गाडीत पाच ते आठ वर्षांच्या काळात काय बिघडते आणि त्यातले महाग काय असते? त्यांनी सर्वांत आधी वॉटर पंपाचे नाव घेतले. या इंजिनात पंप आणि थर्मोस्टॅट (इंजिनाचे तापमान राखणारी झडप) एकाच प्लॅस्टिकच्या घरात, म्हणजे हाऊसिंगमध्ये, बसवलेले असतात. वर्षानुवर्षे तापून आणि गार होऊन ते प्लॅस्टिक वाकते किंवा त्याला चीर जाते, आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, झिरपू लागते. दुसरे नाव मेकॅट्रॉनिक्सचे, म्हणजे गिअरबॉक्समधल्या त्या भागाचे, जो तेलाच्या दाबाने आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने क्लच व गिअर बदलतो. मुलुंडहून पूर्व द्रुतगती मार्गाने रोज सायनपर्यंत जाणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही की, हातभर पुढे जाऊन पुन्हा थांबणाऱ्या वाहतुकीत डीएसजीचे क्लच सतत अर्धवट धरत-सोडत राहतात आणि गिअरबॉक्सचे तेल तापत राहते. त्यानंतर टर्बो, त्यानंतर पुढच्या चाकांमधला इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारा भाग, आणि शेवटी इंजिन व गिअरबॉक्सची माउंटिंग, म्हणजे त्यांना धरून ठेवणारे आधार. एवढी नावे मी वहीत लिहून घेतली. पुढची सगळी निवड मी याच यादीवर घासून पाहिली, आणि माझ्या मते वॉरंटी घेणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी, कारण माहितीपत्रकातल्या 'हजाराहून अधिक भाग समाविष्ट' अशा ओळीतून आपल्या गाडीचा नेमका कोणता भाग समाविष्ट आहे, हे कळत नाही.

अधिकृत सेवा केंद्रातला रस्ता लगेच बंद झाला. पहिल्या मालकाने घेतलेली वॉरंटी काही महिन्यांपूर्वी संपली होती आणि मध्ये खंड पडल्यानंतर या वयाच्या गाडीला ती पुन्हा देता येणार नाही, असे मला सांगण्यात आले. मात्र त्यांनी गाडीच्या सर्व सर्व्हिसची छापील नोंद दिली, आणि तो कागद पुढे फार मोलाचा ठरला.

उरल्या त्या बाहेरच्या वॉरंटी कंपन्या. त्यांच्यापैकी एका कंपनीच्या प्रतिनिधीने फोनवर अतिशय आत्मविश्वासाने सांगितले की कोणतीही गाडी चालेल. मी करारनाम्याचा पूर्ण मसुदा मागितला. तो यायला वेळ लागला, आणि आला तेव्हा त्यात वगळलेल्या वाहनांच्या परिच्छेदात 'पूर्ण बांधलेल्या स्थितीत आयात केलेली, मर्यादित संख्येची अथवा उच्च कार्यक्षमतेची वाहने' असे स्पष्ट लिहिलेले होते. माझी गाडी या तिन्ही वर्णनांत बसते. मी गाडीचे नाव, उत्पादनवर्ष आणि चॅसिस क्रमांक लिहून ईमेलने विचारणा केली, तेव्हा 'हे वाहन पात्र नाही' असे एका ओळीचे उत्तर आले. शुल्क भरले असते तर ते त्यांनी आनंदाने घेतले असते, आणि हे वाक्य मला पहिल्या दाव्याच्या वेळी वाचायला मिळाले असते. अशा गाड्यांच्या बाबतीत हा परिच्छेद सर्वांत आधी वाचायचा असतो. बाकीच्या अटी त्यानंतर.

ज्या दोन योजना माझी गाडी लेखी स्वीकारायला तयार होत्या, त्यांच्या रचनेत मूलभूत फरक होता. पहिलीत समाविष्ट भागांची यादी होती : यादीत नाव असेल तरच भरपाई. दुसरीत वगळलेल्या भागांची यादी होती : यादीत नाव नसेल तर भरपाई. पहिलीचे शुल्क दुसरीच्या जवळपास निम्मे होते. पहिलीत 'गिअरबॉक्सचे अंतर्गत फिरणारे भाग' असे शब्द होते, आणि मेकॅट्रॉनिक्स हा फिरणारा भाग नाही. 'वॉटर पंप' असे नाव होते, पण 'थर्मोस्टॅट, हाऊसिंग, सील व गॅस्केट' वगळलेल्यांत होते. या इंजिनात पंप आणि थर्मोस्टॅट एकाच घरात असल्याने गळती नेमकी कुठून झाली, यावर वाद घालायला त्यात भरपूर जागा होती. शिवाय एका दाव्याची कमाल मर्यादा एक लाख रुपये होती. सुटे भाग, मजुरी आणि त्यांवरचा जीएसटी धरला, तर गिअरबॉक्सच्या मोठ्या कामाला ती पुरणारी नव्हती. दुसऱ्या योजनेत एकूण दाव्यांची मर्यादा गाडीच्या करारावेळच्या बाजारभावाएवढी होती आणि एका दाव्यासाठी वेगळी मर्यादा नव्हती. तिच्या वगळलेल्या यादीत ब्रेक पॅड व डिस्क, टायर, बॅटरी, वायपर, दिवे, तेल, कूलंट, फिल्टर, बेल्ट आणि रबरी बुश होते. हे सगळे झिजणारेच भाग आहेत आणि त्यांचा खर्च मालकानेच करावा, हे मला रास्त वाटते.

तरीही मी दुसऱ्या योजनेच्या कंपनीला ठाण्यातली माझी यादी जशीच्या तशी पाठवली आणि प्रत्येक भागासमोर 'समाविष्ट' किंवा 'वगळलेला' एवढेच लिहून देण्याची विनंती केली. त्याबरोबर आणखी काही प्रश्न होते. बिघाड शोधण्यासाठी गिअरबॉक्स उघडावा लागला आणि नंतर दावा नाकारला गेला, तर उघडण्याची मजुरी कोणी द्यायची? समाविष्ट भाग तुटल्यामुळे दुसरा भाग निकामी झाला, तर तो धरला जाईल का? जुन्या भागाच्या जागी नवा बसवला, म्हणून गाडी चाललेल्या किलोमीटरच्या प्रमाणात ग्राहकाकडून वाटा घेतला जातो का? सुटा भाग परदेशातून यायला महिना लागला, तर त्या काळात वॉरंटीची मुदत चालूच राहते का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल आले, मुदत चालूच राहते. बाकीची उत्तरे स्पष्ट होती आणि बहुतेक अनुकूल होती. थर्मोस्टॅट हाऊसिंगसमोर 'समाविष्ट' लिहिलेले होते, मात्र 'झिरपणे' वगळून 'गळती' धरली जाईल, असा शेरा होता. झिरपणे आणि गळती यांतली सीमा कोण ठरवणार, हे मी पुन्हा विचारले, तेव्हा कूलंटची पातळी किमान खुणेच्या खाली जात असेल तर ती गळती, असे उत्तर आले. ही सर्व उत्तरे कराराचा भाग म्हणून जोडली जावीत, असा आग्रह मी धरला आणि त्यांनी तो मान्य केला.

एक शंका घरातूनच आली, आणि ती योग्य होती. माझ्या नवऱ्याचे म्हणणे असे होते की, एवढेच पैसे मुदत ठेवीत ठेवले आणि काही बिघडलेच नाही तर रक्कम आपलीच राहते. साध्या, देशात बनणाऱ्या, सुटे भाग कोपऱ्यावर मिळणाऱ्या गाडीसाठी मीही तेच केले असते. इथे मात्र एकाच बिघाडाचा खर्च शुल्काच्या कितीतरी पट होऊ शकतो आणि तो कधी येईल, याचा अंदाज बांधता येत नाही. आम्ही शेवटी दोन्ही केले : मोठ्या बिघाडांसाठी वॉरंटी, आणि ब्रेक, टायर, बुश यांसाठी बँकेत वेगळी रक्कम.

परफॉर्मन्स गाडीच्या बाबतीत वॉरंटी कंपनीला सर्वाधिक धास्ती असते ती फेरफारांची. ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) रीमॅपिंग, म्हणजे त्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये बदल, करून किंवा मोठा डाउनपाइप (टर्बोनंतरची धुराची नळी) अथवा बाहेरचा इनटेक (हवा आत घेणारी नळी) बसवून टर्बोचा दाब वाढवला, की गिअरबॉक्सवर पडणारा भार वाढतो, आणि मग कंपनी तो बिघाड स्वतःच्या डोक्यावर का घेईल? पहिल्या मालकाने मोकळेपणाने सांगितले की त्यांनी काही काळ बाहेरचा एअर फिल्टर बसवला होता. मूळ फिल्टरचा डबा त्यांनी जपून ठेवला होता आणि तो परत बसवून दिला. रीमॅप कधीच केला नाही, असे त्यांनी लिहूनही दिले. मी ती माहिती लपवली नाही. तपासणीच्या अर्जात तशी नोंद केली आणि ईसीयूमधले सॉफ्टवेअर मूळ आहे का, हे तपासून अहवालात लिहिण्यास सांगितले. अहवाल स्वच्छ आला. पूर्वीचा दोष दाखवून उद्या दावा नाकारला जाऊ नये, यासाठी करारापूर्वीच्या तपासणीचा हा अहवाल हाच सर्वांत भक्कम पुरावा असतो. म्हणून तपासणी वरवर उरकू देऊ नये, स्वतः उभे राहून करून घ्यावी. शर्यत आणि ट्रॅकवरचा वापर करारात वगळलेला आहे, आणि तो मला मान्य आहे.

इंधनाचे कलम मी दोनदा वाचले. 'उत्पादकाने शिफारस न केलेल्या इंधनामुळे झालेला बिघाड' वगळलेला होता. माझ्या गाडीच्या इंधनाच्या झाकणावर ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल) अशी खूण आहे आणि पंपांवर आता ई२०, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. देशभर तेच इंधन विकले जात असताना ग्राहकाने काय करावे, असे मी लेखी विचारले. सरकारी नियमांनुसार पंपावर विकले जाणारे इंधन 'अयोग्य इंधन' धरले जाणार नाही, असे उत्तर मिळाल्यावरच मी पुढे गेले. २०२० च्या आसपासची गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न विचारावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

पाण्याचा विषय वेगळा आहे आणि मुंबईत तो टाळता येत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे तर टोकाचे उदाहरण. पण हिंदमाता, मिलन सबवे आणि अंधेरी सबवेला साध्या जोराच्या सरीतही पाणी भरते. बाहेरच्या पाण्यामुळे झालेले नुकसान वॉरंटीत येत नाही, आणि इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान साध्या मोटार विम्यातही सहसा येत नाही. त्यासाठी विम्यावर इंजिन संरक्षणाचे वेगळे कवच घ्यावे लागते. उलट, यांत्रिक बिघाड विम्यात येत नाही. वॉरंटी आणि विमा यांच्यामध्ये गाडी उघडी पडू नये, म्हणून मी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, विमा माझ्या नावावर करून घेतला आणि पावसाळ्यापूर्वी इंजिन संरक्षणाचे कवच जोडले.

करारात वाद झाल्यास लवादाकडे जाण्याचे आणि दुसऱ्या शहरातल्या अधिकारक्षेत्राचे कलम होते. त्यामुळे मी थांबले नाही, कारण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात त्याला तक्रार दाखल करता येते, आणि लवादाच्या कलमामुळे तो हक्क जात नाही.

मुदत एक वर्षाची घ्यावी की दोन, हा शेवटचा निर्णय होता. एका वर्षानंतर नूतनीकरणासाठी पुन्हा तपासणी होणार होती, आणि सहा वर्षे पूर्ण केलेल्या गाडीला कंपनी नकार देऊ शकत होती. मी दोन वर्षांची घेतली. पहिले ३० दिवस दावा करता येणार नाही, अशी अट होती. ती जवळपास सगळ्याच योजनांत दिसली.

दिवाळीच्या सुमारास लोणावळ्याहून परतल्यानंतर कूलंटची पातळी किमान खुणेखाली दिसली. मी दर आठवड्याला, गाडी थंड असताना, कूलंटच्या टाकीचा फोटो तारखेसह काढून ठेवत होते. ते फोटो, सर्व्हिसची नोंद आणि ईमेलमधली उत्तरे दाव्याबरोबर जोडली. कंपनीच्या सर्व्हेयरने (नुकसान तपासणाऱ्याने) गाडी पाहिली, पंपाचे घर गळत असल्याचे मान्य केले आणि दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी मंजुरीचा क्रमांक दिला. मंजुरीशिवाय बोल्ट सैल केला तरी दावा जातो, ही अट गॅरेजच्या काकांना मी आधीच वाचून दाखवली होती, त्यामुळे त्यांनीही हात लावला नव्हता. पंप, हाऊसिंग, मजुरी आणि त्यांवरचा जीएसटी कंपनीने थेट गॅरेजला दिला. नवे कूलंट आणि त्याबरोबर बदललेला बेल्ट माझ्याकडे आला, कारण ते दोन्ही वगळलेल्या यादीत आहेत. जुना पंप कंपनीने तपासणीसाठी मागवून घेतला, आणि त्याची पोचपावती मी कराराच्या फाइलमध्ये लावली आहे.