बत्तीस लिटरचे दोन बोर्ड

मे महिना उजाडला की गोव्यातल्या आश्वे किनाऱ्याजवळच्या आमच्या शेडमध्ये दुरुस्तीपेक्षा विक्रीचे काम वाढते, कारण हंगाम संपवून मायदेशी निघालेले परदेशी पाहुणे विमानाचे जादा सामानभाडे भरण्याऐवजी आपले सर्फबोर्ड आमच्याकडे विकायला ठेवून जातात. मी मूळचा मालवणचा. फायबरच्या होड्या दुरुस्त करता करता हात बसला आणि तोच हात पुढे बोर्डांच्या कामी आला. कापड, रेझिन आणि हार्डनर हे साहित्य तेच, फक्त थर पातळ लागतात आणि नजर अधिक बारीक ठेवावी लागते. बोर्ड विकताना मात्र साहित्याच्या ज्ञानाचा फारसा उपयोग होत नाही, कारण गिऱ्हाईक येते ते बहुधा एखादा आकडा डोक्यात पक्का करूनच.

त्या दिवशी सकाळी आलेल्या मॅडम पुण्याच्या, व्यवसायाने स्थापत्य अभियंता, आणि त्यांची बदली मंगळूरला झालेली होती. भाड्याच्या मोठ्या फोम-बोर्डवर त्यांनी काही वर्षे काढली होती, उभे राहणे आणि लाटेच्या अंगाने आडवे जाणे त्यांना चांगले जमत होते, आणि आता त्यांना पहिला स्वतःचा छोटा बोर्ड हवा होता. तो सुटीत गोव्यात चालायला हवा होता आणि एरवी मंगळूरजवळच्या मुल्की, ससिहित्लूकडेही. ही अट ऐकायला सोपी वाटते, पण तिच्यात दोन वेगळे समुद्र आहेत. आमच्याकडे ऑक्टोबर ते मे या काळात बहुतेक दिवस लाट गुडघ्याएवढी, फार तर कमरेएवढी असते आणि सपाट वाळूवर ती हळूहळू कोसळते. मुल्कीला शांभवी नदीच्या मुखाशी वाळूचे बांध तयार होतात, त्यांवर हीच लाट अधिक उभी राहते आणि झटकन फुटते. ससिहित्लूला देशपातळीवरच्या स्पर्धा भरतात त्या उगाच नव्हे.

मॅडमच्या मनातला आकडा बत्तीस लिटरचा, म्हणजे बोर्डाच्या आकारमानाचा होता. वजन ६२ किलो, सर्फिंग मध्यम, म्हणजे वजनाच्या साधारण निम्मे लिटर, असा हिशेब त्यांनी केला होता आणि तो चुकीचा नव्हता. शेडमध्ये बत्तीस लिटरच्या आसपासचे दोन बोर्ड होते. एक ६ फूट लांब, साडेएकोणीस इंच रुंद, टोकदार, तीन फिनांचा, म्हणजे शेपटीखालच्या पात्यांचा. दुसरा ५ फूट ५ इंच लांब, २१ इंच रुंद, मागे दुभंगलेल्या शेपटीचा, दोन रुंद फिनांचा, ज्याला सर्फर ‘फिश’ म्हणतात. ‘‘दादा, लिटर सारखेच आहेत, तर मग जो देखणा तोच घेते,’’ असे म्हणून त्यांनी टोकदार बोर्डावर हात ठेवला. मी त्यांना दोन्ही बोर्ड पाण्यात नेऊन पाहायला सांगितले. गिऱ्हाईक जो माल घेणार असेल तो घेऊ द्यावा, असे मालकाचे मत असते. पण न जमलेला बोर्ड महिन्याभरात पुन्हा आमच्याच शेडमध्ये विकायला येतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

सकाळची लाट नेहमीची मऊ होती. टोकदार बोर्डावर मॅडम जोर लावून हात मारत होत्या, लाट त्यांना उचलत होती आणि पुढे न ढकलताच खालून निघून जात होती. एक-दोन वेळा त्या उभ्या राहिल्या तेव्हा बोर्ड चार हात जाऊन थांबला. तासाभराने त्यांनी फिश घेतला आणि पहिल्याच लाटेवर, ती फुटण्याच्या बऱ्याच आधी, त्या उभ्या राहून किनाऱ्यापर्यंत घसरत आल्या. बाहेर येऊन त्यांनी विचारले की तेवढेच लिटर असताना हे कसे घडते. लिटर फक्त बोर्ड किती तरंगेल ते सांगतात. तो पाण्यावर चढून घसरू कधी लागेल, हे तळाची रुंदी आणि वाक यांवर ठरते. इंजिनाची फायबर होडी वेग घेताना एका क्षणी पाणी कापणे सोडून पाण्याच्या वर चढते आणि हलकी होते, तसेच बोर्डाचेही होते. रुंद आणि सपाट तळ कमी वेगात वर चढतो, अरुंद आणि जास्त वाकलेला तळ मात्र पाणी पुढे ढकलत राहतो आणि त्याला चढायला जास्त वेग लागतो. मऊ लाटेकडे तो वेग देण्याइतका उतारच नसतो.

फिशचा इतिहास मला आवडतो, म्हणून थोडे विषयांतर. १९६७ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो येथे स्टीव्ह लिस या तरुणाने तो बनवला तो उभे राहण्यासाठी नव्हे, तर गुडघ्यांवर बसून लाट घेण्यासाठी. आखूड, रुंद, मागे दोन टोके आणि प्रत्येक टोकाखाली एक लांब पायाचा फिन अशी ती रचना होती. रुंद शेपटीमुळे वेग मिळत होता आणि वळताना दोनपैकी एकच अरुंद टोक पाण्यात रुतत असल्यामुळे पकडही काही प्रमाणात टिकत होती. पुढे ऑस्ट्रेलियाच्या मार्क रिचर्ड्स यांनी दोन फिनांचे बोर्ड आपल्या पद्धतीने घडवले आणि १९७९ ते १९८२ अशी सलग चार जागतिक विजेतेपदे मिळवली. तरीही मोठ्या लाटेत दोन फिनांची शेपूट सुटते ही तक्रार राहिलीच, आणि तिच्यावर सिडनीच्या सायमन अँडरसन यांनी तिसरा फिन बसवून उपाय काढला. १९८१ मध्ये बेल्स बीचची स्पर्धा त्यांनी त्याच बोर्डवर जिंकली आणि त्यानंतर जगभरचे दुकानदार तीन फिनांचेच बोर्ड विकू लागले.

ती तक्रार त्याच दिवशी दुपारी डोळ्यांसमोर येईल, असे मात्र मला सकाळी वाटले नव्हते. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राने त्या रात्रीपासून किनाऱ्यावर उंच लाटांचा इशारा दिला होता. दक्षिणेकडच्या दूरच्या वादळात उठलेल्या लाटा जेव्हा हजारो किलोमीटर चालून येतात तेव्हा त्यांच्यात आपोआप क्रम लागतो. १८ सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांची ऊर्जा खोल समुद्रात ताशी सुमारे ५० किलोमीटर सरकते, तर १० सेकंदांच्या लाटांची ताशी सुमारे २८; त्यामुळे लांब अंतराच्या लाटा आधी पोहोचतात. अशा लाटांना तळ खोलवरूनच लागू लागतो आणि किनाऱ्याजवळ येऊन त्या अनपेक्षित उंच होतात. दुपारी तीनच्या सुमारास हेच झाले. बराच वेळ समुद्र शांत दिसे आणि मग छातीएवढ्या चार-पाच लाटांची रांग एकदम उभी राही.

मॅडम फिश घेऊनच पुन्हा उतरल्या. लाट पकडणे त्यांना अजूनही सोपे जात होते, अडचण त्याच्या पुढे होती. उतार तीव्र असल्यामुळे सपाट बोर्डाचे पुढचे टोक पहिल्या प्रयत्नात पाण्यात घुसले आणि त्या बोर्डावरून पुढे फेकल्या गेल्या. दुसऱ्या लाटेवर त्या खाली नीट पोहोचल्या, पण वळायला गेल्या तेव्हा रुंद शेपूट वेगामुळे पाण्यातून वर उचलली गेली, बोर्डाची कड रुतलीच नाही आणि शेपूट आडवी सरकून गेली. मग त्यांनी सकाळी हिरमोड करणारा टोकदार बोर्ड नेला. त्याच लाटांवर तो एखाद्या रुळावरून गेल्यासारखा खाली उतरला आणि शांतपणे वळला. त्या बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर आनंद आणि वैताग दोन्ही होते, कारण सकाळी एक बोर्ड बाद झाला होता आणि दुपारी दुसरा.

शेडमध्ये तिसरा एक बोर्ड होता, जो त्यांनी दिसायला बेंगरूळ म्हणून सकाळी बाजूला ठेवला होता: ५ फूट ७ इंच लांब, साडेवीस इंच रुंद, पुढे गोलसर, मागे आखूड चौकोनी शेपूट आणि फिनांसाठी पाच खाचा. तो घेऊन त्या कमरेएवढ्या पाण्यात पोहोचल्या तोच जीवरक्षकाची शिटी वाजली आणि वाळूत लाल बावटा रोवला गेला. जीवरक्षकाशी वाद घालणारे गिऱ्हाईक मी पाहिले आहे. मॅडम एक शब्द न बोलता परत फिरल्या, याबद्दल मला त्यांचे कौतुक वाटले. प्रश्न मात्र राहिला, कारण जो बोर्ड मी सुचवत होतो त्याच्यावर एकही लाट घेऊन झाली नव्हती.

म्हणून आम्ही तिन्ही बोर्ड कामाच्या लाकडी घोड्यांवर उलटे ठेवले आणि मी सरळ पट्टी व मोजपट्टी काढली. अभियंता गिऱ्हाईक असल्याचा हा फायदा. मोजलेले त्यांना लगेच पटते. शेपटीच्या टोकापासून १२ इंचांवर रुंदी मोजली तर टोकदार बोर्डाची साडेचौदा इंच, फिशची सोळा आणि तिसऱ्याची सव्वापंधरा भरली. पट्टी तळाच्या मध्यावर टेकवून पुढच्या टोकाची उचल मोजली, तर टोकदार बोर्डाची सव्वापाच इंच, फिशची चार आणि तिसऱ्याची साडेचार निघाली. मधल्या भागात मात्र तिसरा बोर्ड फिशइतकाच सपाट होता, त्याचा वाक फक्त शेवटच्या वीतभरात सुरू होत होता. रुंदी कुठे आहे हेही पाहावे लागते. तिसऱ्याची सर्वांत जास्त रुंदी मध्याच्या किंचित पुढे, छातीखाली होती, म्हणजे लाट पकडताना ती उपयोगी पडणार होती, आणि वळताना मागचा पाय जिथे असतो तिथे रुंदी आवरलेली होती. यातून एवढे उघड झाले की मऊ लाटेत तो फिशपेक्षा थोडा मागे पडेल आणि उभ्या लाटेत टोकदार बोर्डाइतका पक्का बसणार नाही, पण दोन्हीकडे तो त्यांना परत पाठवणार नाही.

मॅडमनी बराच वेळ आकडे पाहिले. मग त्यांनी वर्षाचा हिशेब मांडला: गोव्याच्या किनाऱ्यांवर जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायला मनाई, उरलेल्या महिन्यांत त्यांच्या सुट्या मोजक्या, आणि बाकी सगळे शनिवार-रविवार नदीमुखाजवळ. तिसरा बोर्ड त्यांनी घेतला. आदल्या मालकाने मागच्या कडेवर केलेली ओबडधोबड दुरुस्ती मी खरवडून काढली, आत पाणी गेले नसल्याची खात्री केली आणि नवे कापड चढवले. फिनांचे दोन संच दिले: मऊ लाटेसाठी बाजूचे दोन मोठे, आणि लाट उभी राहू लागली की तीन. फक्त हा बदल पाण्यात उतरण्याआधी करायचा, लाटेचा अंदाज किनाऱ्यावर वीस मिनिटे बसून घ्यायचा, असे बजावले, कारण लांबच्या लाटांची रांग त्याहून कमी वेळात दिसेलच असे नाही.

पैसे देताना त्यांनी कोपऱ्यात टांगलेल्या माझ्या स्वतःच्या बोर्डाकडे बोट दाखवले. ‘‘दादा, एवढे सगळे समजावलेत, पण तुमचा तर फिशच आहे.’’ मी सांगितले की मी मंगळूरला राहत नाही, आणि लाल बावटा लागला की माझे दुरुस्तीचे काम सुरू होते.