बरणी नंबर 63

साताऱ्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये सहायक म्हणून माझी बावीस वर्षं गेली. तपासणीला कमिटी येणार म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना जपून ठेवलेल्या प्राण्यांच्या बरण्या आठवतात. एरवी झाकणाला कुणी हात लावत नाही. उडालेलं फॉर्मालिन भरायचं, झाकण मेणानं परत बसवायचं आणि काही झालं तरी डोळे चोळायचे नाहीत.

63 नंबरमध्ये दोन पाकोळ्या होत्या, म्हणजे चिमुकली वटवाघळं. पायाला बांधलेल्या चिठ्ठ्या पेन्सिलीच्या, म्हणून टिकल्या. मोठ्याला 'नर', लहानाला 'मादी'. पाण्यात धुऊन उताणी केली तर नेमकं उलटं! वटवाघळाचा नर ओळखायला भिंग लागत नाही, लिंग सरळ बाहेर दिसतं. लहान होता तो नर. मोठीच्या काखेपाशी दोन सडं. वजनाच्या नादी लागलो नाही, मादी गाभण असली तर काटा फसवतो. व्हर्नियरनं, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीनं, कोपर ते मनगट मोजलं. मादीचं दीड मिलिमीटर जास्त.

दोन जिवांवरून काही सिद्ध होत नाही, एवढं मलाही कळतं. पण चिठ्ठी लिहिणाऱ्यानं उताणं करून पाहिलंच नसणार. मोठा दिसला, नर लिहिला.

नव्या मॅडम म्हणाल्या, "काका, सस्तन प्राण्यांत नर मोठा, हेच डार्विननं 1871 मध्ये गृहीत धरलं होतं. प्राणिशास्त्रज्ञ कॅथरीन रॉल्सबाईंनी 1976 मध्येच शंका काढली, पण ऐकतंय कोण!" 2024 च्या एका अभ्यासाचे आकडेही त्यांनी दाखवले. सस्तन प्राण्यांच्या 429 जातींच्या वजनांत 45 टक्क्यांत नर मोठे, 39 टक्क्यांत दोघं सारखे, 16 टक्क्यांत माद्या मोठ्या. म्हणजे नर मोठे असलेला गट अजूनही सर्वांत मोठा, फक्त निम्म्याच्या आत. 'सारखे' कुणाला म्हणायचं, वजन धरायचं की लांबी, यावर वाद आहेच. पण सस्तन प्राण्यांच्या निम्म्याहून जास्त जाती उंदीरवर्गातल्या आणि वटवाघळांच्या, आणि उदाहरणं मात्र कायम सिंहाची नि सीलची.

विभागप्रमुख म्हणाले, "रजिस्टरमध्ये खाडाखोड नको. कमिटी जाऊ दे."

मी चिठ्ठ्या बदलल्या, रजिस्टर तसंच ठेवलं. कमिटीनं दारातूनच खोली पाहिली.

उंदरांच्या एकोणीस बरण्या अजून उघडायच्या आहेत.