परातीतलं पाणी

"मॅडम, तुम्ही मराठीच्या ना? मग पाण्याचं काय शिकवणार?" आज लातूरच्या कॉलेजात एका पोरानं सरळ विचारलं.

मी लातूरच्या २०१६ च्या पाण्याच्या रेल्वेचा विषय काढला. मांजरा धरण आटलेलं, एप्रिलात मिरजेहून पहिली गाडी आली ती पाच लाख लिटर घेऊन. मागच्या बाकावरची मुलगी उठली. "आजी मला परातीत बसवून आंघोळ घालायची. तेच पाणी फरशी पुसायला."

वर्ग गप्प. मग एकेक जण बोलू लागला.

पर्यावरणाच्या पेपरात ही परात कुठंच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आता ठरवलंय, सोबतच्या सगळ्या कॉलेजांत भूगोलवाले विहिरींची पातळी मोजतील, आमची पोरं घरोघरच्या आठवणी लिहून घेतील.

तुमच्या घरी १९७२ च्या दुष्काळाचं सांगणारं कोण आहे?