एका 'इता'चे पाच अर्थ

बहुभाषी शब्दसंग्रह तपासताना समोर आलेली एक नोंद अजून डोक्यातून जात नाही. शब्द 'इता', आणि पुढे पाच अर्थ: तबक, लढाई, ओतणे, बोलणे, हाक मारणे. जपानमधल्या होक्काइदो बेटाची ऐनू आणि केनियातली किकुयू एकाच ओळीत कोंबल्या होत्या. या दोन भाषांचं आपसात कसलंही नातं नाही.

तबक ऐनूचं. होक्काइदोतल्या निबुतानीची कोरीव लाकडी 'इता' २०१३ पासून जपान सरकारच्या पारंपरिक हस्तकलांच्या यादीत आहे. लढाई आणि ओतणे हे किकुयूतले. 'न्जामा या इता' म्हणजे युद्धमंडळ. उरलेले दोन अर्थ मात्र या शब्दाचे नाहीतच.

ऐनूत बोलणे म्हणजे 'इताक्'. शेवटचा पाय मोडलेला क काताकाना या जपानी लिपीत लहान आकाराच्या 'कु'ने लिहितात. अशी १६ लहान अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकी क्रमांक देणाऱ्या यादीत, २००२ साली आली, तीही ३१एफ० या क्रमांकापासूनच्या वेगळ्या कप्प्यात. जपानीसाठी लिहिलेली चाळणी, म्हणजे नको ती अक्षरं गाळणारा प्रोग्रॅम, ३०ए१ ते ३०एफएफ एवढंच काताकाना धरते आणि बाकीचं कचरा म्हणून टाकते. झालं, बोलण्याचं तबक! किकुयूत हाक मारण्याचा धातू कानाला 'एता' असा लागतो. रोमन लिपीत आय (i) या अक्षरावर नागमोडी रेघ देऊन हा ए दाखवतात. किकुयूचे स्वर सात, रोमनची स्वरचिन्हं पाच, म्हणून ही रेघ. कुणीतरी ती सजावट समजून पुसली. 'मंद'वरचा अनुस्वार काढून 'मद' करावा, तसं. भाषेची ओळख करून न घेता खुणा पुसायच्या आणि त्याला डेटाची साफसफाई म्हणायचं, याचा मला मनापासून राग येतो.

दुरुस्ती अवघड नाही. भाषेचा कोड (ऐनूचा एआयएन, किकुयूचा केआयके), शब्द, शब्दजात आणि समरूप क्रमांक (सारख्या दिसणाऱ्या शब्दांना वेगळं ठेवणारा), या चौघांची मिळून एक की, म्हणजे नोंदीची ओळख. मूळ शब्द एनएफसी रूपात (अक्षर आणि खूण शक्य तिथं एकाच चिन्हात जोडणारं युनिकोडचं रूप), खुणांसकट. शोधासाठी खुणा काढलेली प्रत वेगळ्या रकान्यात. कोलेशन, म्हणजे डेटाबेसचा अक्षरं ताडण्याचा नियम, खुणांचा भेद मानणारं हवं, नाहीतर डेटाबेसला 'एता' आणि 'इता' एकच वाटतात. चाळणीच्या आधी आणि नंतर रेघवाली व लहान अक्षरं मोजायची. आकडा घटला की तिथंच थांबायचं.

अडतं ते जुन्या नोंदींपाशी, कारण मूळ फाइल कुणी ठेवलेलीच नाही. अर्थ लिहिलेला असेल तर 'इता'चं मूळ कळतं. अर्थाचा रकाना रिकामा असलेल्या नोंदी मी बाजूला काढल्यात. छापील पानाशी ताडून पाहिल्याशिवाय त्या परत आत घेणार नाही.