ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्षं नव्हेत, अण्णा!

अण्णांच्या बायपासला मंगळवारी महिना झाला. नाशिकला ऑपरेशन नीट पार पडलं, पण तिसऱ्या दिवशी मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी पळायला लागली आणि माझे पाय गळाले. डॉक्टर शांत. बायपासनंतर साधारण चारात एकाला 'एट्रियल फिब्रिलेशन' (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) होतं म्हणे, बहुतेकदा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. ते टळावं म्हणूनच आधीपासून मेटोप्रोलॉल ही गोळी चालू होती. ती गोळी मनाने बंद करायची नाही, ही ताकीद वेगळी. (एखाद दिवस चुकली तर काय, असं विचारून मी बोलणी खाल्ली.) आता जोडीला थोडे दिवस अमिओडेरॉन, ठोके ताळ्यावर ठेवणारी गोळी.

त्याच्या कागदावर 'ग्रेपफ्रूट टाळा' वाचून आमचा पिंपळगावचा बागायतदार हबकलाच. "म्हणजे आपल्याच बागेतली थॉमसन द्राक्षं पण नाहीत?" ग्रेपफ्रूट हे पपनसाच्या गोतातलं फळ, त्याने गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं, द्राक्षांचा काही संबंध नाही, हे मेडिकलवाल्याने पटवेपर्यंत अण्णांनी घडाला हात लावला नाही.

कागदावरचं 'उन्हापासून जपा' मात्र खरं आहे. या गोळीवर कातडी लवकर भाजते. म्हणून बागेत चक्कर सकाळी आठच्या आत, पूर्ण बाह्यांचा शर्ट, वर टोपी. याच गोळीमुळे करायची थायरॉइडची तपासणी पुढच्या आठवड्यात.