तुम्ही विचारलंत म्हणून: पायातली कळ आणि पुन्हा बार

डेडलिफ्ट करताना, म्हणजे वजनांचा बार जमिनीवरून उचलताना, माझ्या कंबरेला लागलं हे ज्यांना माहीत आहे, ते हमखास विचारतात: "ऑपरेशन न करता बऱ्या कशा झालात? आणि परत वजन उचलायची भीती नाही वाटत?"

कंबर तशी लवकर मोकळी झाली. छळलं ते पायाने. डाव्या कुल्ल्यातून निघालेली कळ पोटरीतून थेट करंगळीपर्यंत जायची, टाच बधिर, आणि शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे. चालताना त्यातल्या त्यात बरं, बसलं की संपलंच. शेजारच्या काकूंनी 'उसण भरली' असं निदान करून पायाळू माणसाचा शोधही सुरू केला होता. त्या लाथेतून मी थोडक्यात वाचले.

डॉक्टरांनी एमआरआयच्या आधी मला एका पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं. उजव्यावर जमलं, डावी टाच उचलेचना. घोट्यामागे हातोडी मारली तर डावं पाऊल ढिम्म. एवढ्यावरून ते म्हणाले, एस-१ नस, म्हणजे कण्यातून पायात उतरणाऱ्या नसांपैकी एक, दबली आहे. कळ पावलाच्या वरून अंगठ्याकडे गेली असती तर तिच्या वरच्या एल-५ नसेवर संशय घेतला असता. एमआरआयमध्ये तेच निघालं: कंबरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं त्रिकोणी हाड (त्रिकास्थी) यांच्यामधली गादी बाहेर आली होती.

अंगदुखीच्या नेहमीच्या गोळ्यांनी मला फरक पडला नाही. मग प्रीगॅबालिन हे नसेच्या दुखण्यावरचं औषध दिलं, त्याने कळ तशीच आणि वर गरगरणं. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत सायटिकावर, म्हणजे पायात उतरणाऱ्या अशाच कळेवर, प्रीगॅबालिन आणि औषध नसलेली गोळी यांच्यात दुखण्याच्या बाबतीत फरक दिसला नव्हता, हे मी नंतर वाचलं. तरी ती गोळी मनाने एकदम बंद करायची नसते. मलाही हळूहळू कमी करून दिली.

मला खरा धीर आला तो फिजिओथेरपिस्टबाईंच्या एका प्रश्नाने. किती दुखतंय ते त्या विचारायच्याच नाहीत. कुठपर्यंत दुखतंय, एवढंच. कळ करंगळीतून पोटरीत आली, पोटरीतून मांडीत, मग फक्त कुल्ल्यात. त्या दिवसांत कंबर उलट जास्त दुखत होती, आणि बाई खुशीत होत्या, कारण कळ पायातून वर सरकत होती! पालथं झोपून हातांवर छाती उचलायचा व्यायाम मला मानवला. कुणाला त्यानेच कळ खाली उतरते, त्यांनी तो लगेच थांबवायचा. जिममधला प्रत्येक जण मात्र मांडीची मागची बाजू ताणायला सांगत होता. चिडलेली नस ताणली की आणखी चिडते, हे मी एकदाच करून पाहिलं आणि पुरे झालं.

आता ऑपरेशन. नॉर्वेतल्या वेबर यांनी १९८३ मध्ये छापलेल्या अभ्यासात वर्षभरानंतर ऑपरेशन झालेले रुग्ण न झालेल्यांपेक्षा पुढे होते, चार वर्षांनी तो फरक जवळपास उरला नव्हता. बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर बऱ्याचदा स्वतःच शोषून घेतं. म्हणजे ऑपरेशनने आराम लवकर पडू शकतो, आणि ज्याला रात्र-रात्र झोप नाही त्याने ते निवडलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. मला थांबणं परवडलं, कारण ताकद हळूहळू परतत होती. पण लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडायला लागलं, तर थांबायचं नाही. त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं.

भीतीचं म्हणाल तर वाटते. आधी नुसती काठी पाठीला लावून वाकायला शिकले, मग दोन्ही हातांत वजन घेऊन चालले, मग बार ठोकळ्यांवर ठेवून उचलला. जमिनीवरून अजून उचलत नाही आणि त्याची घाईही नाही. दुसऱ्या दिवशी कळ गुडघ्याखाली उतरली नाही, तरच पुढची प्लेट चढते. डावी टाच आजही उजवीच्या आधी थकते.

आणि हो, मला लागलं तेव्हा कंबरेला वजन उचलायचा बेल्ट लावलेला होता. तेव्हा कुठला बेल्ट घेऊ, हे मला विचारू नका.