आधी मूठ बघा

तलवार समोर आली की नजर आधी पात्यावर जाते. लांबी किती, बाक किती, धार कुठवर आहे. माझंही पूर्वी तसंच व्हायचं. आता वेगवेगळ्या घडणीच्या तलवारींचा सराव करून बरीच वर्षं झाली आणि माझी सवय उलटली आहे. मी आधी मूठ बघते. तलवार काय कापेल हे पात्यावरून कळतं. पण ती धरणाऱ्याचं मनगट फिरायचं की खांदा, त्याच्या दुसऱ्या हातात ढाल होती की काहीच नव्हतं, हे मूठच सांगते.

हे माझ्या डोक्यात शिरलं ते मनगटावर वळ उठल्यावर. सुरुवातीची माझी सगळी तालीम तलवारबाजीच्या खेळातल्या एपेची. एपे म्हणजे जास्तीत जास्त ७७० ग्रॅम वजनाचं, फक्त टोकाने खेळायचं शस्त्र. हात सरळ पुढे, मनगट सैल, बोटांच्या पेरांनी टोक हलवायचं. ही सवय अंगात मुरलेली असतानाच मी पहिल्यांदा बाकदार हिंदुस्थानी तलवार हातात घेतली. मूठ इतकी आखूड की चार बोटं कशीबशी मावली. मुठीच्या टोकाला तबकडी. मी सवयीने हात लांबवून टोक पुढे केलं आणि तबकडीची कड थेट मनगटाच्या हाडात रुतली. दोन-तीनदा तेच झालं. शेवटी वस्ताद म्हणाले, "अगं, हात फेकू नकोस. ओढ."

मी कोपर अंगाशी घेतलं, मनगट घट्ट केलं आणि वार खांद्यातून सोडून स्वतःकडे ओढला. तबकडी कुठेच लागली नाही. उलट तिने मनगटाला मागून आधार दिला.

या आखूड मुठीबद्दल एक गोष्ट फार ऐकू येते, की पूर्वीच्या लोकांचे हात लहान होते. मला ते अजिबात पटत नाही. मूठ मुद्दाम अंगाबरोबर बेतलेली असते. हात तिच्यात असा बसतो की मनगट पुढे वाकतच नाही आणि पातं हाताच्या सरळ रेषेत न येता कोन करून राहतं. बाकदार पात्याला नेमका तोच कोन हवा असतो. ताणलेल्या दोरावर सुरी नुसती दाबून बघा, दोर दबतो. तीच सुरी ओढा, दोर तुटतो. बाकदार तलवारीचं सगळं लढणं या ओढण्यावर उभं आहे. आणि बोटांना जागा कमी पडते ना, तर तर्जनी मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडव्या दांडीवरून पुढे घ्यायची, पात्याच्या मुळाशी. मग उरलेली तीन बोटं मुठीत आरामात बसतात. हे एक बोट लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

इराणी शमशेर हाच बाक आणखी पुढे नेते. तिने भोसकणं जवळपास सोडूनच द्यावं लागतं, पण घोडा भरधाव असताना वार करून पातं निसटून बाहेर येतं, अडकत नाही. म्हणून बाकदार तलवार घोडेस्वाराची आणि सरळ तलवार पायदळाची, असं मी बरेच दिवस धरून चालले होते. ते चुकीचं निघालं. ब्रिटिश फौजेने १७९६ साली एकाच वेळी दोन तलवारी ठरवल्या, हलक्या घोडदळाला बाकदार आणि जड घोडदळाला सरळ. १९०८ ची त्यांची घोडदळी तलवार तर पूर्ण सरळ आणि अरुंद, फक्त भोसकण्यासाठी घडवलेली. तिची मूठ बघितली की शंका उरत नाही. अंगठा टेकवायला खास खोलगट जागा आहे, हाताला झाकणारी मोठी वाटी आहे, आणि मूठ अशी कललेली आहे की हात लांबवला की टोक भाल्यासारखं समोर येतं. अमेरिकेची १९१३ ची घोडदळी तलवार याच विचाराची. ती आखली लष्करी अधिकारी जॉर्ज पॅटन यांनी. आदल्याच वर्षी ते स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये आधुनिक पेंटाथलॉनमध्ये (पाच खेळांची स्पर्धा, तलवारबाजी त्यातलीच एक) पाचवे आले होते.

आता पट्टा. मुठीचा विचार इतका टोकाला नेलेलं दुसरं शस्त्र मला तरी माहीत नाही. इथे मूठ बाहेर दिसतच नाही. पोलादी खोबणीत हात कोपराजवळपर्यंत जातो, आत एक आडवी दांडी असते ती पकडायची, आणि वर पट्टी हाताला आवळते. म्हणजे मनगट कामातून पूर्ण काढून टाकलं. पातं लांब, सरळ, लवचीक, आणि ते जणू हाताच्या हाडालाच जोडलेलं. पहिल्यांदा पट्टा चढवला तेव्हा मी तो तलवारीसारखा थांबवायला गेले आणि खांद्यातून कळ गेली. पट्टा थांबवायचा नसतो. एक वार संपतो तिथूनच दुसरा सुरू होतो, कंबर फिरते, पाय फिरतात, पवित्रा बदलतो, आणि पातं सगळा वेळ घोंघावत राहतं. एकट्याने अनेकांना अंगाजवळ येऊ द्यायचं नसेल तर याच्याइतकं चांगलं काही नाही. झटापटीत तो हातातून उडवता येत नाही, हा मोठाच फायदा. पण तेवढ्यासाठी काय मोजावं लागतं तेही बघा. अवचित कोणी चालून आलं तर पट्टा झटकन उपसता येत नाही. तो आधीच चढवून तयार राहावं लागतं. ज्याला आज लढायचंय हे माहीत आहे, त्याचं हे शस्त्र.

खांड्याच्या मुठीला खालून एक लांब कणा बाहेर आलेला असतो. बरेच जण तो शोभेचा समजतात. रुंद, सरळ, टोकाकडे जड झालेलं पातं एका हाताने फिरवून बघा, मग त्या कण्यावर दुसरा हात आपोआप जातो.

सगळ्यात जास्त गैरसमज असेल तर रेपियरबद्दल, म्हणजे युरोपातल्या लांब, अरुंद, मुख्यतः टोकाने लढायच्या तलवारीबद्दल. सुईसारखी, पिसासारखी हलकी, असं वाटतं. खरी रेपियर किलोभर ते सव्वा किलो भरते, म्हणजे आपल्या बाकदार तलवारीपेक्षा कमी नाहीच. पातं मीटरभर किंवा त्याहूनही लांब. हलकी वाटते ती फक्त वजन मुठीकडे असल्यामुळे. आणि इथे ते बोट परत येतं! रेपियर धरतानाही तर्जनी आडव्या दांडीवरून पुढे जाते. पण बाकदार तलवारीत ती पकड पक्की करायला जाते, इथे ती टोकाला दिशा द्यायला जाते. आणि बोट पुढे आलं की ते उघडं पडतं. म्हणून त्याच्याभोवती आधी कड्या आल्या, मग सळ्यांचं जाळं, मग अख्खी वाटी. रेपियर लोक रोजच्या कपड्यांवर लावायचे, अंगावर चिलखत नाही, हातात ढाल नाही. फार तर डाव्या हातात कट्यारीएवढं पातं. समोरच्याला सगळ्यात जवळ काय सापडतं, तर हात. ढाल नव्हती, म्हणून ढालीचं काम मुठीवर आलं.

उलटं बघायचं तर रोमन ग्लॅडियस. साधारण ५० ते ६० सेंटिमीटर पातं, मुठीला बोटांच्या खाचा, खाली गोल लाकडी गोळा, आणि हाताला आडोसा जवळजवळ नाहीच. सैनिकाच्या पुढे भली मोठी ढाल होती, हात तिच्याआडून क्षणभर बाहेर यायचा आणि परत आत.

जपानी कतानाबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी एकच सांगते. तिची मूठ २५ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि दोन हात तिच्यावर एकमेकांना चिकटून नसतात, मध्ये अंतर असतं. त्या अंतरामुळे तरफ तयार होते. पुढचा हात रोखतो, मागचा ओढतो. इथेही ओढच.

आणि शेवटी युरोपातली लांब मुठीची दुहाती तलवार, जिच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. वजन सव्वा ते दीड किलो, सरळ, दुधारी. साध्या कपड्यातल्या माणसासमोर ती कापते, भोसकते, आडवते. पण १५व्या शतकातलं पोलादी पत्र्यांचं चिलखत समोर आलं की धार निकामी. त्या काळच्या युरोपीय हस्तलिखितांतल्या चित्रांत मग एक विलक्षण गोष्ट दिसते. योद्ध्याचा उजवा हात मुठीवर आहे आणि डाव्या हाताने त्याने पात्याचा मध्य पकडला आहे. तलवार आखूड भाल्यासारखी धरून तो काखेतली, शिरस्त्राणाच्या फटीतली जागा शोधतो आहे. काही चित्रांत तर दोन्ही हात पात्यावर आहेत आणि मुठीने हातोड्यासारखा घाव घातला जातो आहे. पातंच मूठ झालं.

धारदार पातं हाताने धरता येतं का, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. येतं, तळव्याने चपट्या बाजू गच्च आवळल्या आणि पातं तसूभरही सरकू दिलं नाही तर. दाबल्याने कापत नाही, ओढल्याने कापतं. वस्तादांनी पहिल्या दिवशी सांगितलं तेच, फक्त पात्याच्या दुसऱ्या बाजूने.

मागच्या महिन्यात एक जुनी तलवार हाताळायला मिळाली. पात्यावर गंज, टोक मोडलेलं. मुठीवर मात्र चांदीची कोफ्तगारी, म्हणजे लोखंडावर ठोकून बसवलेल्या तारेची नक्षी, बारीक वेलबुट्टी, तबकडीवर आणि आडव्या दांडीवर अजून बरीच शाबूत. दांडीच्या पुढच्या बाजूला, पात्याला लागून, नखाएवढ्या जागेत नक्षी पूर्ण घासून गेली होती आणि खालचं लोखंड गुळगुळीत झालं होतं. मी मूठ धरली आणि तर्जनी पुढे घेतली. ती बरोबर तिथेच बसली.